चौपट माणसं, निम्मी चूक

निवडणूक सर्वेक्षणाच्या बातमीत तळाशी ‘त्रुटी ३ टक्के’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्या आकड्यामागे दोन शतकांहून अधिक काळाची खटपट आहे, आणि मला ती गणितातल्या सर्वांत सुंदर कहाण्यांपैकी एक वाटते.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा गणिती याकोब बर्नुली याने प्रश्न नेमका मांडला. थैलीत पांढरे आणि काळे खडे ३:२ या प्रमाणात आहेत. पुन्हा पुन्हा खडा काढून पाहिला, तर किती वेळांनंतर हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत कळेल, तेही चुकण्याची शक्यता हजारास एक इतकीच ठेवून? त्याचं उत्तर होतं २५,५५०. हे छापलं गेलं १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. सिद्धता बिनचूक होती, पण एवढी निरीक्षणं करणार कोण?

वाट दाखवली ती फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आलेल्या आब्राम द म्वाव्रने, १७३३ मध्ये. मोजलेल्या संख्येतला चढउतार निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढतो, म्हणजे प्रमाणातली चूक त्याच वर्गमूळाने घटते, हे त्याने दाखवलं. हा चढउतार मोजणाऱ्या त्याच्या घंटेच्या आकाराच्या वक्राने बर्नुलीचा प्रश्न सोडवला, तर सुमारे ६,५०० खडे पुरतात.

सर्वेक्षणाचं सगळं अर्थकारण या वर्गमूळात आहे. कौल निम्मा-निम्मा असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी १०० माणसांवर त्रुटी सुमारे ९.८ टक्के, ४०० वर ४.९, १,६०० वर २.४५. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट हवीत. तीन टक्क्यांना साधारण १,०७० पुरतात, मग लोकसंख्या एका शहराची असो की देशाची.

मात्र निवड यादृच्छिक हवी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी. ती तशी नव्हती तेव्हा काय झालं पाहा: १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाच्या सर्वेक्षणाला वीस लाखांहून अधिक उत्तरं आली. सूत्राप्रमाणे त्रुटी ०.१ टक्क्याच्याही आत. रूझवेल्टना त्यांनी ४३ टक्के दिले, प्रत्यक्षात मिळाले सुमारे ६१.

‘विश्वास अंतराल’, म्हणजे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना त्रुटीएवढी जागा सोडून आखलेला पट्टा, ही आजची कल्पना पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमनची. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्याने ती मांडली. खरं प्रमाण स्थिर असतं, नमुन्यागणिक हलतो तो अंतराल. शंभरातले सुमारे ९५ अंतराल खऱ्या प्रमाणाला कवेत घेतात. त्या काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्येच शिकत होते. नमुना वेगवेगळ्या गटांत कसा वाटावा, या नेमनच्याच प्रश्नावर त्यांनी १९३५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुढे भारतात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पाहणीने काढण्याची पद्धत उभारण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

लहान नमुन्यांत मात्र पाठ्यपुस्तकी सूत्र दगा देतं. ३० जणांत एकही ‘हो’ आला नाही, तर ते अंतराल शून्य रुंदीचा सांगतं, म्हणजे पूर्ण खात्री! एडविन विल्सनने १९२७ मध्येच दिलेली रीत तिथे वरची मर्यादा ११ टक्क्यांच्या थोडी वर ठेवते. हिशेब जरासाच लांबतो, तरी कित्येक अहवालांत अजून जुनंच सूत्र वापरलं जातं.