गिट्टी खदानीतली धूळ: दुखणं जुनं, उपायही जुनाच

आपल्याकडे क्रशरवर राबणारा माणूस चाळिशीतच धापा टाकायला लागला की गाव टीबी म्हणून मोकळं होते, पण तो सिलिकोसिसही असू शकते, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीनं फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार, आणि हा काही आजकालचा आजार नाही. इटलीच्या रामाझिनी डॉक्टरनं १७०० सालीच पाथरवटांच्या छातीचं दुखणं लिहून ठेवलं होतं. खरा कहर झाला तो मशीन आल्यावर, १९व्या शतकाच्या शेवटी खाणीत हवेवर चालणारे ड्रिल आले आणि छिन्नीनं उडायची त्याच्या कितीतरी पट बारीक धूळ उडायला लागली, अमेरिकेतले खाणमजूर तर त्या ड्रिलला बायका विधवा करणारं मशीन म्हणत. उपायही तेव्हाच निघाला बरं का, जॉर्ज लेनर यानं १८९७च्या सुमारास पोकळ दांड्यातून पाणी सोडणारं ड्रिल काढलं, धूळ जागीच बसते. सव्वाशे वर्षं झाली याला, तरी कितीतरी खदानींत अजून कोरडंच ड्रिल चालते, याचा फार राग येतो.

भारतात १९४०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतले कामगार तपासले तर पुष्कळांना सिलिकोसिस निघाला. मग १९४८च्या कारखाना कायद्यात हा आजार सरकारला कळवणं बंधनकारक झालं. खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्थाही कोलारहून पुढे आपल्या नागपूरलाच आली, वाडीत.

दगडादगडातही फरक आहे. अमरावती-यवतमाळकडच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका, म्हणजे हा आजार करणारा दगडातला घटक, कमी, भंडारा-गडचिरोलीकडे गारगोटी, ग्रॅनाइटसारखा दगड फुटते तिथं जास्त. आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा मोठी माती अडवते फक्त, फुप्फुसात खोल जाणारे कण साधारण ५ मायक्रॉनच्या आतले, डोळ्याला दिसतही नाहीत. एकदा फुप्फुस कडक झालं की ते परत नीट करणारं औषध नाही, वरून टीबीही लवकर धरते.

गोध्र्याकडे गारगोटी दळायच्या युनिटांत काम करून मेलेल्या मध्य प्रदेशच्या २३८ मजुरांच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले, केस २००६ची होती. आपल्या क्रशरवर तर मजूर ठेकेदाराचा, हप्त्याला रोख पैसे, ना कार्ड ना पीएफ, उद्या एक्सरेत डाग निघाला तर तो कोणत्या खदानीत राबला हे कागदावर कुठंच नाही. ग्रामपंचायतीनं ना-हरकत देतानाच पाण्याचा फवारा, हजेरीकार्ड आणि वर्षाला एक एक्सरे लिहून घ्यावं.