माइंडट्री आणि एलअँडटी: शेअरहोल्डरांची धाकधूक कुठून सुरू झाली

माइंडट्री ही आयटी कंपनी १९९९ ची, बंगळुरूची, २००७ ला लिस्ट झाली. फाउंडर मंडळींकडे सगळ्यांचे मिळून जेमतेम १३ टक्के शेअर आणि कॉफीच्या धंद्यातल्या एका उद्योजकाकडे एकट्याकडे २० टक्के. म्हणजे घर यांचं आणि चावी त्याच्या खिशात. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं, त्याने विकायला काढलं, आणि १८ मार्च २०१९ ला एलअँडटीने ९८० रुपये भावाने त्याचा हिस्सा घ्यायचा करार केला. वर बाजारातून १५ टक्के आणि ३१ टक्क्यांची ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या शेअरहोल्डरांना शेअर विकायचं जाहीर आमंत्रण, त्याच भावाने.

फाउंडरांना हे नको होतं, आणि ओरड झाली ती कंपनीच्या कल्चरची. पण पैसा लावलेल्यांची खरी चिंता बायबॅकची होती, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याची, आणि त्यावर पुरेसं कोणी बोललंच नाही असं माझं मत. गंमत बघा, करार जाहीर व्हायच्या दोन-तीन दिवस आधीच कंपनीने कळवलं होतं की २० मार्चला बोर्ड बायबॅकवर विचार करणार. मग ऑफर आली, मीटिंग झाली, निर्णय २६ तारखेवर ढकलला आणि त्या दिवशी बायबॅक गुंडाळलाच. कारण ओपन ऑफर जाहीर झाली की बोर्डाला आपल्या मनाने बायबॅक करता येत नाही, शेअरहोल्डरांचं टपाली मतदान (पोस्टल बॅलट) घेऊन स्पेशल रेझोल्यूशन लागतं, म्हणजे तीन चतुर्थांश मतं, ती आणणार कुठून? आता हा बायबॅक शेअरहोल्डरांसाठी होता की फाउंडरांची खुर्ची वाचवायला, यावर आजही दोन तट आहेत. माझ्या मते टायमिंगच सगळं सांगून जातं. एप्रिलमध्ये शेअरमागे २० रुपये स्पेशल डिव्हिडंड जाहीर केला, कारण काय तर विसावं वर्ष आणि एक अब्ज डॉलरचा रेव्हेन्यू. बरं.

एलअँडटीचे शेअरहोल्डरही काही खूश नव्हते. एलअँडटीचा स्वतःचा ९,००० कोटींचा बायबॅक जानेवारीत शेअर बाजाराच्या नियामकाने कर्जाच्या प्रमाणावरून नाकारला होता आणि दोन महिन्यांत पावणेअकरा हजार कोटींच्या आसपासची ही खरेदी पुढे आली, हातात यायचा पैसा दुसरीकडे चालला ना.

जूनअखेर ऑफर संपली तेव्हा एलअँडटी ६० टक्क्यांपर्यंत पोचली होती. स्वतंत्र डायरेक्टरांच्या समितीनेही भाव रास्त म्हटला होता आणि मोठे फंड आपले शेअर देऊन मोकळे झाले. जुलैत एक्झिक्युटिव्ह पदांवरचे फाउंडर बाहेर पडले. शेअर सातशेच्या घरात आला तेव्हा ज्यांनी ९८० ला दिले ते हुशार ठरले, २०२१ च्या शेवटी तोच चार हजारांच्या वर गेला तेव्हा तेच कपाळावर हात मारून बसले. मग मे २०२२ ला एलअँडटीच्या दुसऱ्या आयटी कंपनीत मर्जर जाहीर झालं, माइंडट्रीच्या १०० शेअरना तिकडचे ७३, आणि भांडण पुन्हा भावावरच आलं.