मराठी कान कसा तयार झाला

ख्याल, म्हणजे हिंदुस्थानी रागदारीतला मुख्य गायनप्रकार, हे मुळात मराठी मुलखातलं गाणं नव्हे. त्याची भाषा ब्रज, त्याचं घर ग्वाल्हेर. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाच्या कानात कीर्तनातली पदं, अभंग, ओव्या, पोवाडे आणि लावण्या होत्या. ‘ही नुसती आ-आ-आ काय लावलीय’ असं आज कुणी म्हणालं, तर तो आपल्या पणजोबांचाच प्रश्न विचारत असतो. म्हणून त्याला अरसिक ठरवण्याआधी, पणजोबांच्या पिढीला हे गाणं आवडू कसं लागलं ते पाहायला हवं.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (1849–1926) ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली. त्यांचे मिरजेतले शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये ते मुंबईत आले. विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या रचना, गोळा करत हिंडले आणि त्यांनी रागांची शिस्तवार मांडणी मराठीत लिहून ठेवली. या दोघांचं ऋण फार मोठं आहे. पण त्यांनी घडवले ते मुख्यतः शिकणारे. ऐकणारा घडला तो नाटकाच्या मांडवात, असं माझं मत आहे.

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हा चाली ओळखीच्याच होत्या: साकी, दिंडी, कीर्तनी वळणाची पदं. पुढे चाल बदलत गेली. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला, आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी थेट रागदारी बंदिशींवर पदं बांधली. ती गायला बालगंधर्व होते. शब्द मराठी, प्रसंग रुक्मिणीचा, आणि आत यमन, भीमपलास, बिहाग. प्रेक्षकाला रागाचं नाव कुणी सांगितलं नाही. रुक्मिणीचं मन कळत होतं, तेवढं पुरे होतं. पण ‘वन्स मोअर’ घेत घेत तेच पद पुन्हा ऐकताना सुरांची वाट त्याच्या अंगवळणी पडली. यमनातला तीव्र मध्यम (चढा ‘म’) म्हणजे काय हे त्याला सांगता आलं नसतं. पण गाणाऱ्याचा तो स्वर चुकला असता, तर प्रेक्षकाच्या कानाला खटकलं असतं. पुढे असा माणूस मैफलीला बसला, की बंदिशीच्या मुखड्याशीच, म्हणजे सुरुवातीच्या ओळीशीच, मान हलायची: हे तर आपलं पद!

रसिकांत एकमत मात्र तेव्हाही नव्हतं. अब्दुल करीम खाँ यांची एकेका सुरावर रेंगाळणारी किराना घराण्याची गायकी कुणाला वेड लावी, तर कुणाला अल्लादिया खाँ यांच्या गायकीतली लयीची अवघड गुंफण आणि अनवट रागच भावत. शास्त्रीय आवडणारे सगळे एकाच आवडीचे, असं कधीच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर अभिरुची वरून घडवण्याचा एक प्रयोग झाला. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर मराठी होते, आणि शास्त्रीय संगीतावर त्यांची खरी निष्ठा होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवर रागदारीला मानाचं स्थान मिळालं, कलावंतांना आधार मिळाला, शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. हे काम विसरण्यासारखं नाही. पण चित्रपटगीतं आधी कमी झाली आणि मग निर्मात्यांशी झालेल्या वादात जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. 1952 च्याच डिसेंबरात तिथे चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीलाच विविध भारती ही मनोरंजनाची सेवा काढावी लागली. एक आवड हिसकावून घेतली म्हणून दुसरी रुजली नाही.

याच सुमारास, 1953 मध्ये, गायक भीमसेन जोशींनी पुण्यात आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची रेकॉर्ड ऐकून गाण्याच्या ओढीने घर सोडलेला हा मुलगा. महोत्सवात कुणी कुणाला राग ओळखायला लावत नाही. माणसं सतरंजीवर बसतात, काही कळतं, काही नुसतं कानावरून जातं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. पुढे त्याच भीमसेनजींनी अभंगवाणी गायली, तेव्हा ख्यालाच्या वाटेला कधीही न गेलेल्या घरांतही तो भरदार आवाज पोचला. विठ्ठलाचे शब्द ओळखीचे होते, त्यांच्यामागून राग आत आला. ‘स्वयंवरा’चीच रीत.

ज्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव, ते रामभाऊ कुंदगोळकर स्वतः संगीत नाटकांतून गाजलेले गायक-नट. ‘सवाई गंधर्व’ हे बिरुद त्यांना मिळालं तेही रंगभूमीमुळे. महोत्सवाची सांगता त्यांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करायची प्रथा आहे. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं ते, आणि ते ऐकण्यासाठी लोक शेवटपर्यंत बसून राहतात.