वसुलीवाले नातेवाइकांना फोन करतात? तक्रार कुणी, कुठे आणि कशी करायची

"तुमच्या मेहुण्याचे हप्ते थकलेत. संध्याकाळपर्यंत तुम्ही भरा, नाहीतर ऑफिसात माणसं पाठवतो." असा फोन आला की बरेच जण घाबरून दोन-चार हजार पाठवून मोकळे होतात. पाठवू नका. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर ते कर्ज फेडायची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर नाही. फॉर्मवर ‘रेफरन्स’ म्हणून तुमचा नंबर दिलेला असला तरी नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. धमक्या, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा रेफरन्सच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ, हे सगळं मना आहे. एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तक्रार कुणी करायची, इथे खरी गोम आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँका आणि कर्ज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार ‘ग्राहका’ला करता येते, आणि ग्राहक म्हणजे कर्जदार. म्हणून त्रास मेहुण्यापायी तुम्हाला होत असला तरी अर्ज त्याच्या नावाने जाऊ द्या, किंवा त्याच्याकडून लेखी अधिकारपत्र घ्या. प्रतिनिधी म्हणून वकील चालत नाही. कर्जदार लाजेपोटी गप्प बसतो आणि नातेवाईकच धावपळ करतो, तिथे प्रकरण अडकतं.

सोबत लागेल ते असं: कर्ज खाते क्रमांक, मंजुरीपत्र, आणि ज्यांना ज्यांना फोन आले त्यांचे स्क्रीनशॉट. त्यात समोरचा नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. नंबर ब्लॉक करायचाच असेल तर आधी हे जपून ठेवा. रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. घरी आलेल्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. दाखवलं नाही तर तेही तक्रारीत लिहा. मजकूर कोरडा ठेवा: "अमुक तारखेला, इतक्या वाजता, या नंबरवरून माझ्या मावसभावाला फोन आला. तो जामीनदार नाही. फोन करणारा असं म्हणाला…" रागाची चार पानं कुणी वाचत नाही.

पहिली तक्रार बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ईमेलने, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे. फी नाही. मदतीसाठी फोन नंबर १४४४८. मुदत असते, त्यामुळे उत्तर हातात आल्यावर रेंगाळू नका. तक्रारीने कर्ज माफ होत नाही आणि व्याजही थांबत नाही, हे मात्र धरून चाला.

धमकीसाठी या ३० दिवसांची वाट पाहायची गरज नाही. थेट पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीसाठीच आहे. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली तर प्रत मागून घ्या. फोटो विकृत करून नातेवाइकांना पाठवले असतील तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका. कर्जाच्या ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडायची मुभाच नाही. ॲपमागे नोंदणीकृत कंपनी नसेल तर बेकायदा कंपन्यांच्या तक्रारींसाठीच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवा.

पतसंस्था आणि सावकार लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. सावकाराविरुद्धचा अर्ज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चा उल्लेख करून द्या.