‘खाल्लं गेलं’, पण खाल्लं कोणी?

‘काल सराफ्यात जरा जास्तच खाल्लं गेलं.’ ‘फिरायला जायचं राहूनच जातं.’ ‘वेळच मिळत नाही हो.’ इंदूरच्या मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर ही वाक्यं हमखास ऐकू येतात (सराफा म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार). व्याकरणाची चूक एकाही वाक्यात नाही, पण कर्ता तेवढा गायब आहे. गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, संपले, झोपायला दीड वाजला, सगळं जणू आपोआप घडलं.

हा नुसता बोलण्याचा ढंग म्हणून सोडून देता येत नाही. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हॉटेलातल्या आगीची एकच हकीकत दोन तऱ्हांनी वाचायला दिली. एकीत ‘तिने रुमाल पेटवला’, दुसरीत ‘रुमालाने पेट घेतला’. पहिली वाचणाऱ्यांनी त्या बाईंना जास्त दोष दिला आणि भरपाईही जास्त ठरवली. वाक्यातून कर्ता निघाला की जबाबदारी हलकी होते. दुसऱ्याचा न्याय करताना हे होतं, तर स्वतःला सूट देताना का होणार नाही?

उपाय म्हणून आरशासमोर ‘मी खंबीर आहे’ घोकायला सांगणारे पुष्कळ भेटतात. जोआन वुड आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये आढळलं, की स्वतःबद्दल कमी आदर असलेल्यांना अशी गोड वाक्यं म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटतं. मन लगेच उलट पुरावे मोजायला लागतं. म्हणून नवं वाक्य गोड नसलं तरी चालेल, खरं मात्र हवं.

पहिले तीन-चार दिवस काहीच बदलू नका. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं टिपा, शेजारी वेळ आणि हातात काय होतं तेही लिहा. ‘वेळ मिळत नाही’पुढे ‘रात्री ११.२०, मोबाइल’ अशी नोंद पडली की वाक्याचं बिंग फुटतं. मग एकच वाक्य निवडा. एकदम पाच सवयींचे बेत आखले तर बेत आखण्याचा फायदाच उरत नाही, हे २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं आहे.

निवडलेलं वाक्य कर्त्यासकट लिहा: ‘जेवणानंतर पाऊण तास मी मोबाइल बघतो, म्हणून फिरायला जात नाही.’ इथे बहुतेक जण घसरतात आणि लिहितात, ‘मी आळशीच आहे.’ हे कबुलीसारखं वाटतं, पण ही पळवाट आहे. स्वभावावर खापर फोडलं की त्या पाऊण तासाचं काय, हा प्रश्नच मिटतो.

‘चालत नाही’ हे शब्दही तपासा. ‘मला गोड चालत नाही’ म्हटलं की यजमानीणबाई लगेच म्हणतात, ‘अहो, एका जलेबीनं काय होतंय?’ बंदी बाहेरची असली की घासाघीस सुरू होते, आणि ती मनातही होते. ‘मी रात्री गोड खात नाही’ यावर वाद घालणं अवघड. व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टव्हेट यांनी २०१२ मध्ये ३० स्त्रियांवर दहा दिवस हा फरक पाहिला. ‘मी करत नाही’ म्हणणाऱ्या दहांपैकी आठजणी शेवटपर्यंत टिकल्या, ‘मला करता येत नाही’ म्हणणाऱ्यांतली एकच. गट फार छोटे आहेत, त्यामुळे आकड्यांवर फार विसंबू नये. दिशा मात्र पटण्यासारखी आहे.

नुसता कर्ता आणूनही भागत नाही. पुढचं वाक्य ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ या साच्यात हवं. पीटर गोलविट्झर यांनी ही पद्धत मांडली, आणि २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र तपासल्यावर तिचा परिणाम मध्यम ते मोठा दिसला. ‘सराफ्यात कमी खाईन’ हे वाक्य कुचकामी, कारण त्यात कधी आणि किती हेच नाही. ‘सराफ्यात शिरलो की भुट्ट्याचा कीस एक प्लेट दोघांत, मग एक जलेबी, मग थेट राजवाड्याच्या बाजूला’ हे वापरता येतं. ‘गराडूकडे बघणारच नाही’ असा नकाराचा बेतही टाळा. त्याने गराडूच डोक्यात पक्के बसतात. ‘जमलं तर’ खोडून टाका.

मात्र सगळंच आपल्या निवडीचं नसतं. पीथमपूरच्या कारखान्यातल्या रात्रपाळीला किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या शुश्रूषेला ‘हे मी निवडलंय’ म्हणायला लावणं हा छळ आहे. तिथे वाक्याचे दोन तुकडे करा: ‘रात्रपाळी माझ्या हातात नाही. पाळी सुटल्यावर पोह्यांबरोबर जलेबी घ्यायची की नाही, ते आहे.’

आणि बेत मोडला तर? कॅनडातल्या २०१० च्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. म्हणून ‘काल मी दोन प्लेट गराडू खाल्ले’ एवढंच लिहा, ‘आता महिनाभर गोड बंद’ अशी शिक्षा जोडू नका. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा अंदाज १८ पासून २५४ पर्यंत होता, मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, ६६. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. शनिवारी लग्नाच्या पंगतीत बेत मोडला, तर रविवारी तोच बेत, त्याच वेळी.