भिंतीजवळची हवा हलत नाही

घरात पॉडकास्ट किंवा गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की पहिला सल्ला मिळतो तो अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवण्याचा. दुसरा थर्माकोलचा आणि तिसरा ऑनलाइन मिळणाऱ्या, इंचभर जाडीच्या काळ्या फोमचा. तिन्हींकडून अपेक्षा एकच: मिरवणुकीतला डीजेही आत ऐकू येऊ नये. ते भिंतीवर लावायच्या कुठल्याच पॅनेलला जमणार नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. ते काम विटांचं, जाड काचेचं, दाराखालच्या रबरी पट्टीचं. पॅनेल आवाज शोषतं, म्हणजे खोलीतलाच आवाज भिंतींवर आपटत राहून जो निनाद होतो, तो कमी करतं. ‘साउंडप्रूफ’ म्हणून फोम विकणारे हा फरक सांगत नाहीत.

ध्वनी म्हणजे हवेच्या कणांचं मागेपुढे हेलकावणं. चांगल्या पॅनेलमध्ये काच-लोकर (ग्लासवुल) किंवा दगडी लोकर (रॉकवुल) भरतात; अशा तंतुमय पदार्थात शिरलेली हवा तंतूंना घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत बदलते. पण घासायला हवा हलली पाहिजे, आणि भिंतीला टेकलेली हवा हलूच शकत नाही. तिथं दाब सर्वांत जास्त, हालचाल शून्य. हालचाल सर्वांत जास्त होते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर.

आता आकडे घालून पाहा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 345 मीटर. 5000 हर्ट्झच्या ‘स’कारी सिसकारीची तरंगलांबी 6.9 सेंमी, तिचा पाव भाग 1.7 सेंमी. इंचभर फोम तिला सहज गाठतो. 1000 हर्ट्झला पाव भाग 8.6 सेंमी होतो, 250 हर्ट्झला 34 सेंमी आणि 100 हर्ट्झला, म्हणजे पुरुषी आवाजाच्या खर्जाजवळ, तब्बल 86 सेंमी. म्हणून पातळ फोमच्या खोलीत ‘स’, ‘श’ मरतात, खालचे सूर तसेच घुमतात आणि आवाज कोंदट, डब्यातून आल्यासारखा होतो. पूर्ण पाव तरंगलांबी मिळायलाच हवी असं नाही. तिच्या निम्म्या जाडीतही बरंच शोषण होतं. आणि ती सगळी जाडी लोकरीचीच हवी असंही नाही. 50 मिमीची लोकर भिंतीपासून 50 मिमी दूर टांगली, तर ती हलत्या हवेत जाते आणि खालच्या सुरांसाठी जवळजवळ 100 मिमीच्या लोकरीसारखं काम करते. मधली हवा फुकट मिळते!

पदार्थ निवडताना ‘जितकं दाट तितकं चांगलं’ हाही गैरसमजच. फार दाट थरात हवा शिरत नाही, पृष्ठभागावरूनच परत फिरते. फार विरळ थरात ती घासल्याशिवाय निघून जाते. 50 ते 100 मिमीच्या पॅनेलला घनमीटरला 48 ते 64 किलोची रॉकवुल किंवा 32 ते 48 किलोची ग्लासवुल योग्य. रॉकवुलमध्ये तंतू न झालेले दगडी कणही असतात, त्यांचं वजन भरतं पण शोषणाला उपयोग नाही, म्हणून तिची घनता थोडी जास्त धरायची. कोपऱ्यात फूटभर जाडीचा थर द्यायचा असेल, तर उलट 24 किलोची हलकी ग्लासवुल घ्यावी. थर्माकोलची छिद्रं बंद असतात, हवा आत जातच नाही. अंड्यांचा ट्रे पातळ पुठ्ठ्याचा; आकार बदलल्यानं लोकर तयार होत नाही. पिंजलेला कापूस उत्तम शोषतो, पण उभ्या चौकटीत खाली बसतो, ओल धरतो आणि पटकन पेटतो.

आगीचं गांभीर्य ओळखा. 2003 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये आतषबाजीनं भिंतीवरचा फोम पेटला आणि 100 माणसं गेली. साधा पॉलियुरेथेन फोम जळताना हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. काच किंवा दगडाच्या लोकरीचे तंतू स्वतः जळत नाहीत.

पॅनेलची चौकट 4 इंच रुंद पाइनच्या पट्ट्यांची, आतून 1195 × 595 मिमी, म्हणजे लोकरीचा 1200 × 600 चा तयार तुकडा (स्लॅब) घट्ट बसतो. 50 मिमीचा, 48 किलो घनतेचा स्लॅब पावणेदोन किलोचा भरतो. तो पुढच्या कडेला लावून मागून तीन नायलॉन दोऱ्या आडव्या ताणा, नाहीतर तो मागे सरकून हवेची जागा खातो. मागे प्लायवूड ठोकू नका. पुढे-मागे न विणलेलं कापड आणि दर्शनी बाजूला खादी किंवा तागाचं कापड स्टेपल करा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा पलीकडे गेली तर चालेल. रेक्झिन नको, वरचे सूर त्यावरूनच परततात. कापताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि एन-95 मास्क हवाच. तंतू कातडीला खाजवतात, घशालाही त्रास देतात.

अशी पॅनेल किती लागतील? हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी 1895 पासून व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून-नेऊन सूत्र शोधलं: निनादकाल (निनाद विरायला लागणारा वेळ) = 0.161 × घनफळ ÷ एकूण शोषण. 10 × 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली 34 घनमीटरची. रिकाम्या खोलीचं शोषण 3 चौरस मीटर (आवाज पूर्ण शोषणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं) धरलं, तर निनादकाल 1.8 सेकंद. सहा पॅनेलनी 4.3 ची भर पडते आणि तो पाऊण सेकंदावर येतो. बोलण्यासाठी ही खोली चांगली. गाण्याला याहून ‘मेलेली’, म्हणजे कमी निनादाची, नको.

कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर पॅनेल टांगू नका. मागची फट असूनही कापडाला बुरशी धरते, आणि भिजलेल्या लोकरीच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी असतं.