सूसाचा पेला: चुन्याची माती आणि भट्टीची आच

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इराणमधल्या सूसाचा एक मातीचा पेला आहे. उंची २८.९ सेंटीमीटर, वय सुमारे सहा हजार वर्षं. पोटावर रानबोकड, त्याची शिंगं मागे वळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ करतात. वर लांब ताणलेले कुत्रे आणि काठाशी उंच मानेच्या पाणपक्ष्यांची रांग. चित्राचं कौतुक सगळेच करतात. मात्र ते इतकं उठून दिसतं ते मागच्या फिकट पिवळसर रंगामुळे, आणि हा रंग भट्टीत तयार झालेला आहे.

सूसा नैर्ऋत्य इराणच्या सपाट प्रदेशात, करखे आणि देझ या नद्यांच्या मध्ये आहे. नद्या झाग्रोसच्या चुनखडीच्या डोंगरांतून येतात, त्यामुळे गाळात लोहाबरोबर चुनाही भरपूर. साधी माती भाजल्यावर लाल होते, कारण लोहाचं ऑक्साइड मोकळं राहतं. चुनखडीच्या मातीत आच साधारण ८५० अंश सेल्सियसच्या पुढे गेली की चुना, सिलिका आणि लोह एकत्र येऊन नवी खनिजं बनतात. लोह त्यांत अडकतं आणि लाली जाते.

हाच चुना भांडं फोडूही शकतो. मातीत चुनखडीचा मिलिमीटरभर खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडं चांगलं भाजून बाहेर येतं, मग काही दिवसांत तो खडा हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची कपची उडवतो. इलाज असा: माती पाण्यात कालवायची, जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरचं गढूळ पाणी दुसरीकडे ओतून त्याचा गाळ वापरायचा.

वेगाने फिरणारं चाक तेव्हा नव्हतं. भांडं हाताने घडवत, हळू फिरणाऱ्या तबकडीचा आधार घेत. भिंत पातळ हवी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाडी सारखी हवी. काठ आधी सुकून आक्रसतो, जाड बूड ओलंच राहतं, आणि दोघांच्या ओढाताणीत बुडाजवळ तडा जातो. म्हणून सुकवणं सावलीत, सावकाश.

रंग लोहाच्या खनिजाचा, अगदी बारीक वाटलेला, आणि तो भाजण्याआधीच लावलेला. काठाजवळचे आडवे पट्टे काढताना कुंचला स्थिर धरून भांडं फिरवलं की रेघ सरळ येते. पक्ष्यांच्या माना मात्र एकेका फटकाऱ्यात उभ्या ओढाव्या लागतात, तिथे तबकडीची मदत नाही. रंगाचा थर जाड असेल तिथे तो काळा उतरतो, पातळ असेल तिथे तपकिरी. सूसाच्या भांड्यांवर या दोन्ही छटा एकाच आकृतीत दिसतात.

भाजताना सुरुवातीची घाई सर्वांत महाग पडते. आत ओल असताना आच वाढली तर वाफेने भांडं फुटतं. पुढे साधारण ५७३ अंशांना वाळूतले क्वार्ट्‌झचे कण अचानक आकार बदलतात, आणि थंड होताना पुन्हा त्याच टप्प्यावर आक्रसतात. भट्टी लवकर उघडली तर तडे जातात ते याचमुळे.

या मातीची आच नंतर खापरावरूनही ओळखता येते. लालसर आणि मऊ असेल तर ती कमी पडली, पिवळसर आणि टणक असेल तर बेताची होती. फार वाढली की तीच माती हिरवट होते, भिंत मऊ पडून भांडं वाकतं आणि रंग काचेसारखा चिकटून बसतो.